बाणगंगा : झऱ्याचे ऋण

आज त्रिपुरी पौर्णिमा. सायंकाळी मुंबईतील वाळकेश्वरच्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर पणत्यांच्या ओळी उजळतील आणि असंख्य भाविक दीपदानाचे पुण्य जोडतील. सीतेच्या शोधार्थ निघालेले श्रीरामप्रभू येथे तृषार्त झाले, तेव्हा बाण मारून पाताळगंगा वर आणली गेली, अशी या तीर्थाची कथा. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही कुंडातील पाणी गोडे! ही ईश्वरी कृपा कोणत्या मार्गाने येते, हे जाणल्याने श्रद्धा उणावत नाही. उलट दृढच होते.

मलबार टेकडीवरचा पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकाच्या भेगांतून समुद्राकडे निघतो. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, शिवाय त्याची पातळी समुद्राहून वर. म्हणून त्याच्या दाबापुढे खारे पाणी आत शिरत नाही. हा झरा जेथे प्रकटला, तेथेच शिलाहारकाळी, इ. स. ११२७ मध्ये, कुंड बांधले गेले, असे परंपरा सांगते.

कुंडाच्या पायऱ्या केवळ स्नानासाठी नव्हेत. उंच उभ्या भिंतीवर मागील मातीचा सारा रेटा एकवटतो. पायऱ्यापायऱ्यांच्या उतरणीत तो विभागला जातो. पाणी काठोकाठ असो वा तळाशी गेलेले, भाविकाची ओंजळ त्यास पोहोचते. पाणी उतरेल तसा त्याचा उघडा पृष्ठभागही आक्रसतो आणि उन्हाने होणारी वाफ घटते.

परंतु असे शास्त्र ज्यात मुरले आहे, ते बांधकाम हेळसांडीपुढे दुबळे ठरते. २०२४ च्या जून महिन्यात गाळ काढण्यासाठी अवजड यंत्र उतरविले गेले आणि शतकांच्या पायऱ्यांची मोडतोड झाली. पितृपक्षानंतर येथील मासे मेल्याच्या घटनाही अलीकडे घडल्या आहेत. पाण्यात सोडलेले पिंड व अन्न कुजू लागले की प्राणवायू संपतो आणि मुके जीव गुदमरतात. पितरांच्या तृप्तीसाठी केलेले कर्म असे जीवघेणे व्हावे काय? टेकडीवरील माती फरसबंदीखाली गेली, तर पाऊस मुरणार कोठे आणि झरा वाहणार कसा?

म्हणून आज एवढेच व्रत घ्यावे : पणती पायरीवर तेवावी, निर्माल्य कलशात जावे, जळात केवळ ज्योतीचे प्रतिबिंब पडावे. ज्या झऱ्याने पिढ्यांची तहान भागविली, त्याला निर्मळ राखणे हीच त्याची खरी पूजा होय.