जाड पातं आणि पोटातली पन्हळ

तोडायच्या हत्याराला वजन लागतं. लाकूड फोडणाऱ्याला किंवा मटणाच्या दुकानातल्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागत नाही. मग भट्टीत घाम गाळून बोटभर जाडीचं पातं घडवायचं आणि वर त्याच्या दोन्ही अंगांवर पन्हळ पाडून त्यातलंच पोलाद कमी करायचं, हा काय उद्योग? नेपाळी कुकरीवर ही पन्हळ दिसते. तलवारींवर, जुन्या संगिनींवर आणि शिकारी सुऱ्यांवरही दिसते. अलीकडे मॉलमधल्या भाजी चिरायच्या सुऱ्यांवर तिची छोटी भावंडं दिसू लागली आहेत.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे 'रक्त वाहून जायला'. शस्त्रांच्या प्रदर्शनात काचेच्या कपाटापुढे उभं राहिलं, तर कुणीतरी आपल्या मुलाला हेच समजावत असतं. उत्तर चित्तथरारक आहे, पण खोटं आहे. म्हणे मांसात रुतलेलं पातं हवेच्या ओढीनं अडकतं आणि पन्हळ ती ओढ मोडते. प्रत्यक्षात मऊ मांस पन्हळीतही भरतं, आणि पन्हळ नसलेली पाती काही आत अडकून बसत नाहीत. रोज रक्तात बुडणारं हत्यार म्हणजे खाटकाचा सत्तूर. त्याचं पातं सपाट असतं.

खरं कारण आकडेमोडीत आहे. चार सेंटिमीटर रुंद, एकसारख्या जाडीची पोलादी पट्टी घ्या. मधल्या एक सेंटिमीटरच्या पट्ट्यात दोन्हीकडून कोरून जाडी निम्मी करा. वजन साडेबारा टक्के घटलं. आता पट्टी धारेच्या दिशेनं, म्हणजे घाव घालताना जोर येतो त्या दिशेनं, वाकवून पाहिली तर तिचा ताठपणा एक टक्कादेखील कमी होत नाही. कारण या दिशेच्या वाकण्याला विरोध करतात त्या वरच्या आणि खालच्या कडा. मधलं पोलाद जवळजवळ फुकटचं ओझं असतं. रेल्वेचा रूळ वर-खाली जाड आणि मध्ये बारीक असतो, तो याच हिशेबानं.

पण हा हिशेब अर्धाच सांगण्याची पद्धत पडली आहे. 'पन्हळीमुळे पातं मजबूत होतं' असं विक्रेते बिनदिक्कत सांगतात. तीच पट्टी आडवी धरून, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूनं वाकवून पाहा: ताठपणा सुमारे बावीस टक्क्यांनी घटलेला असतो. कोरून काढलेलं पोलाद ताकद वाढवेल कसं? पन्हळीचा सौदा एवढाच, की ज्या दिशेनं घाव बसतो तिथली ताकद राखायची आणि जिथे फारसं काम नाही तिथलं वजन सोडून द्यायचं. ते पातं कुणी ओंडक्याच्या फटीत घालून तरफेसारखं उचकटायला लागलं, तर सौदा अंगाशी येतो.

कुकरीत हे सगळं हातात धरून पाहता येतं. इंग्रजांना तिची खरी ओळख झाली १८१४ ते १८१६ च्या नेपाळ युद्धात, आणि पुढे ती गोरखा पलटणींची खूणच बनली. नेपाळात मात्र ती आजही आधी घरातलं आणि रानातलं हत्यार आहे: सरपण फोडा, झुडपं साफ करा, बोकड कापा. पूर्व नेपाळातलं भोजपूर त्यासाठी नावाजलेलं आहे. घडवणारे परंपरेनं कामी समाजाचे, आणि कच्चा माल बहुतेकदा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचा पाटा. आपल्याकडचे लोहारही कोयत्यासाठी तोच पाटा शोधतात. पाणी देण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तापून लाल झालेलं पातं हौदात बुडवत नाहीत. किटलीच्या नळीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या धारेवरूनच फिरवतात. धार कडक होते, पाठ मऊ राहते आणि घावाचा हादरा सोसते.

पाठीची जाडी मुठीपाशी आठ ते दहा मिलिमीटर. एवढं जाड पातं सरसकट भरीव ठेवलं तर दिवसभर चालवणाऱ्याचं मनगट जाईल. म्हणून 'आंगखोला' प्रकारात पाठ आणि धार यांच्यामध्ये रुंद, उथळ खोलगट भाग ठेवतात. तो अडीच सेंटिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर खोल आणि वीस सेंटिमीटर लांब धरला, तर दोन्ही बाजू मिळून सव्वाशे ग्रॅमच्या वर पोलाद वाचतं. पाऊण किलोच्या आसपासच्या हत्यारात हा फरक हाताला लगेच कळतो. हात जास्त वेगानं फिरतो, आणि घावाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फार हलकं केलं तर घावच पोकळ पडतो, हेही खरं. पाठीलगत बारीक चिरा असलेली 'तीन चिरा' कुकरी दिसायला अधिक देखणी. पण आठ मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर खोल अशी एक चीर दोन्ही बाजूंना काढली, तरी वजन पस्तीसेक ग्रॅमनंच उतरतं. तिथे कारागिराची हौस मोठी, बचत बेताची.

आणखी एक भेद. यंत्रावर घासून पन्हळ काढली तर पोलाद जातं. ऐरणीवर गोल तोंडाचं अवजार ठेवून घणानं ठोकून काढली, तर पोलाद कुठेच जात नाही, बाजूला सरकतं आणि पातं रुंद होतं. तेवढ्याच वजनात अधिक रुंद, धारेच्या दिशेनं अधिक ताठ पातं मिळतं. पोलाद महाग असण्याच्या काळात ही कमाई लहान नव्हती. मराठ्यांनी पसंत केलेल्या 'फिरंग' तलवारींची पाती बरीचशी युरोपातून येत. त्या लांब, सरळ पात्यांवर एक ते तीन बारीक पन्हळी अनेकदा दिसतात. ऊसतोडीच्या कोयत्याला पन्हळ नसते, कारण त्याचं पातं मुळातच पातळ. काढायचं काय?

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवरचे लंबगोल खळगे वजनासाठी नसतात. शेफील्डच्या ग्रँट कंपनीनं १९२८ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, तेव्हा मुख्य गिऱ्हाईक होतं मांसाचे पातळ काप करणारं. ओलसर काप पात्याला चिकटतो तो मधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे. खळग्यात हवा राहिली की चिकटायला जागा कमी उरते. मूळ रचनेत खळगे दोन्ही बाजूंना आळीपाळीनं आणि थेट धारेपर्यंत पोचलेले होते. आज विकल्या जाणाऱ्या कित्येक सुऱ्यांवर ते धारेपासून बरेच वर असतात. बटाट्याचा काप तिथवर पोचायच्या आधीच पात्याला चिकटलेला असतो, आणि चार काप झाल्यावर बोटानं खरवडून काढावा लागतो.