आजोबांची मैफल खरी की टेपमधली?

गाण्याची आवड असलेल्या एखाद्या वयस्क माणसाला एक प्रश्न विचारून पाहा. "तुम्ही आजवर ऐकलेली सर्वांत चांगली मैफल कोणती?" उत्तर यायला फारसा वेळ लागत नाही. पुण्यातले आजोबा असतील, तर बहुधा सवाई गंधर्व महोत्सवातली एखादी रात्र निघते. डिसेंबरातली थंडी, मांडव, अंगावर शाल, पहाटेची वेळ, मागे झंकारणारे दोन तंबोरे आणि मग लागलेला तो षड्ज! आपण कुठल्या खांबाशी बसलो होतो, शेजारी कोण होते, मध्यंतरात चहा कुठे प्यालो, हे सारे सांगून होते. शेवटचे वाक्य तर ठरलेलेच असते: "तसे गाणे पुन्हा ऐकले नाही."

आता त्यांच्याच बरोबर बसलेल्या मित्राला तोच प्रश्न विचारा. मैफल तीच निघेल, पण आजोबा म्हणतील तोडी सर्वांत शेवटी झाली, तर मित्र म्हणेल छे, ती आधीच झाली होती, शेवट भैरवीने झाला. कदाचित वर्षही जुळणार नाही. कोणी त्या रात्री ध्वनिमुद्रण केले असेल, तर टेप तिसरेच काही सांगेल. मग आजोबांचे म्हणणे खरे मानायचे की नाही?

हा वाद घरातल्या घरात मिटवण्याजोगा नाही. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव १९५३ साली सुरू केला. पुढे कित्येक वर्षे तो रात्र रात्र चालत असे आणि श्रोते उजाडल्यावर घरी जात. ध्वनिक्षेपकावर रात्रीची बंधने आली, २००० सालच्या नियमांनी ती पक्की झाली आणि त्या अखंड रात्री संपल्या. ज्यांनी त्या तरुणपणी ऐकल्या, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी हा त्या रात्रींचा एक मोठा पुरावा आहे, आणि पुरावा म्हटला की तो तपासून घ्यावा लागतो.

आधी हवेपासून सुरुवात करू. रात्रीचे गाणे अधिक चांगले लागते असे जुने श्रोते म्हणतात. यात तथ्य किती? ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम असते आणि वर जावे तसा गारवा वाढतो. निरभ्र रात्री याच्या उलट होते. जमीन लवकर निवते, खालची हवा थंड होते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. साहजिकच ध्वनितरंगाचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा वेगाने जातो आणि तरंग खाली वाकतो. प्रकाशाचे अपवर्तन तुम्ही शिकला आहात. हे ध्वनीचे अपवर्तन. पहाटे दूरच्या रेल्वेची शिट्टी ऐकू येते ती याचमुळे.

पण थांबा. हा परिणाम शेकडो मीटर अंतरावर जाणवतो. पलीकडच्या आळीत अंथरुणात पडून फुकट गाणे ऐकणाऱ्याला त्याचा लाभ झाला असेल. मांडवात बसलेल्या आजोबांना फारसा नाही. त्यांच्या बाबतीत खरी गोष्ट फार साधी होती. रात्री शहर झोपलेले असे. समजा, दिवसा रस्त्याचा गोंगाट ६० डेसिबल आहे आणि रात्री तो ४० वर आला. फरक २० डेसिबलचा दिसतो, पण डेसिबल हे लॉगॅरिथमचे माप असल्यामुळे गोंगाटाची तीव्रता शंभरपटीने उतरलेली असते. दिवसा गर्दीत बुडून गेली असती अशी गायकाची बारीक मींड, श्वास घेतल्याचा आवाज, तबल्यावरचे हलके बोट, सारे त्या शांततेत वर येते. एवढ्यापुरते आजोबांचे म्हणणे शंभर टक्के खरे मानायला हरकत नाही.

थंडीचा दुसरा परिणाम वाद्यांवर होतो. पोलादी तार थंडीने आकसू पाहते, तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. बासरीतली हवा गार झाली की तिच्यातला ध्वनिवेग घटतो आणि स्वर उतरतो. मात्र वादकाच्या फुंकेने आतली हवा तापत असल्यामुळे हा फरक हिशेबाइतका पडत नाही. तबल्याची पुडी दमट हवेत सैल होते. म्हणजे एकाच मंचावर एक वाद्य वर चालले आहे आणि दुसरे खाली! पहाटे कलाकार पुनःपुन्हा स्वर जुळवताना दिसतात, ते काही चोखंदळपणा दाखवण्यासाठी नव्हे.

तंबोऱ्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे. "हल्लीचे तंबोरे पूर्वीसारखे बोलत नाहीत," ही आजोबांची नेहमीची तक्रार असते. तंबोऱ्याची घोडी सपाट पण किंचित बाकदार असते आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. कंप पावणारी तार त्या बाकावर हलके टेकत आणि सुटत राहते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे उपस्वर भरभरून निघतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नोबेल पारितोषिक मिळण्याच्या कितीतरी आधी आपल्या तंतुवाद्यांवर संशोधन केले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूशी ज्यांचा निस्पंद येतो असे उपस्वर साध्या तारेत निघायला नकोत. तंबोऱ्यात मात्र तेही निघतात, आणि याचे कारण ही बाकदार घोडी होय, असे त्यांनी दाखवले.

आता थोडे गणित करा. षड्ज १४० हर्ट्झचा धरला, तर त्याचा तिसावा उपस्वर ४,२०० हर्ट्झचा आणि चाळिसावा ५,६०० हर्ट्झचा झाला. तंबोऱ्याची झिलई म्हणतात ती याच उंच स्वरांची. आपल्या प्रत्येक कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात. उंच स्वरांच्या पेशी नळीच्या तोंडाशी, खर्जाच्या पेशी आत टोकाशी. वय वाढते तशा तोंडाकडच्या पेशी आधी निकामी होतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आजोबांना बोलणे नीट ऐकू येते, पण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा प्रदेश मंद झालेला असतो. तंबोरा पूर्वीसारखाच वाजतो आहे. त्याची झिलई त्यांच्यापर्यंत पोचत नाही. गंमत पाहा, इथे त्यांची आठवण बरोबर आहे. चुकते आहे ते आजचे ऐकणे. (मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणारी मुले हीच झिलई विशीतच गमावून बसू शकतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

मांडवाला पक्क्या भिंती नसतात. पण अनेकांची आवडती मैफल सभागृहात किंवा कोणाच्या दिवाणखान्यात झालेली असते, आणि तिथे भिंतीही गाण्यात भाग घेतात. बंद जागेत आवाज थांबला तरी त्याचे परावर्तित तरंग काही काळ घुमत राहतात. याला निनाद म्हणू. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले. तिथे निनाद इतका की वक्त्याचा एक शब्द विरेपर्यंत पुढचे कित्येक त्याच्यावर चढत! वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे दुखणे सोपवण्यात आले. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचे घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर त्याने रात्री-अपरात्री प्रयोग केले. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, मांडायच्या, आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत! रिकाम्या खोलीत हा काळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. आपण अंगात कोणते कपडे घातले आहेत यानेही मोजमाप बदलते, हे त्याच्या ध्यानात आले, इतके ते काम काटेकोर होते. या अभ्यासाच्या आधारे उभारलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले आणि आजही ते जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

सॅबिनचे सूत्र सोपे आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागा. उत्तर सेकंदांत मिळते. तुमच्या शाळेचे सभागृह १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे असे समजा. घनफळ ९०० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून ६०० चौरस मीटर. गुळगुळीत गिलाव्याने त्यातला ४ टक्केच ध्वनी शोषला, तर शोषण २४. उत्तर आले ६ सेकंद. अशा खोलीत द्रुत तान म्हणजे नुसता काला. आता २०० माणसे आत बसवा. एकेक माणूस साधारण ०.४५ शोषण वाढवतो असे धरले, तर ९० ची भर पडते. निनाद सव्वा सेकंदाच्या जवळ येतो आणि तानेचा दाणा न्‌ दाणा वेगळा होतो. श्रोते नुसते ऐकत नसतात. त्यांच्या शर्ट-शालींनी ती खोली गाण्याजोगी केलेली असते.

आता त्या टेपकडे वळू. पुष्कळांचा अनुभव असा की मनातल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण वर्षांनी हाती लागते आणि ऐकून निराशा होते. "हेच का ते?" म्हणून लगेच आठवणीला खोटे ठरवू नका. मायक्रोफोन गायकाच्या तोंडाशी असतो; त्याला कंठ ऐकू येतो, खोली जवळजवळ नाही. शिवाय जुनी घरगुती टेप एका मायक्रोफोनची. आपल्याला कान दोन आहेत. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्याआधी पोचतो. हा फरक फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग. एवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो आणि मागचा खोकला, मुलाचे रडणे बाजूला सारून मंचावर लक्ष ठेवू शकतो. एका मायक्रोफोनच्या टेपमध्ये खोकला, टाळी आणि गांधार एकाच ठिकाणाहून येतात. ते वेगळे करायला मेंदूला धागाच सापडत नाही. कोणता राग आधी झाला, हे टेपला विचारावे. तिथे बसून कसे वाटत होते, हे तिला ठाऊक नसते.

मग क्रम, वर्ष, शेजारी कोण, या गोष्टींत आजोबा का चुकतात? स्मृती ही टेप नाही म्हणून. समेकडे झेपावणारी तान ऐकताना मेंदू पुढे काय येणार याचा अंदाज बांधत असतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, संगीत ऐकून अंगावर काटा येणाऱ्या माणसांचे मेंदू तपासले गेले. तो क्षण येण्याआधी मेंदूच्या एका भागात आणि प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या भागात डोपामाइन हे रसायन स्रवते, असे आढळले. भावना अशी उसळली की ॲमिग्डाला हा छोटा भाग शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो, "हे पक्के धर." तो षड्ज पक्का धरला जातो. त्याच्या कडेचे तपशील मात्र सैलच राहतात, आणि पुढे प्रत्येक वेळी गोष्ट सांगताना मेंदू त्या सैल जागा भरून आठवण नव्याने जुळवतो. दुसऱ्या एखाद्या वर्षीचा चहा या वर्षात येऊन बसतो तो असा.

सांगणाऱ्याची खात्री ही खरेपणाची खूण नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर नष्ट झाले. उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, की बातमी कुठे, कोणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. जवळजवळ चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचे प्रत्येक मुख्य उत्तर चुकले, आणि त्यांतल्या कित्येकांना आपण बरोबर आहोत याची पक्की खात्री होती!

"तसे गाणे पुन्हा ऐकले नाही" या वाक्याचेही एक कारण सापडते. वयस्क माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, की दहा ते तीस या वयातले प्रसंग सर्वांत दाट निघतात. आजोबांना त्या मैफलीच्या वेळचे वय विचारा. बहुधा ते याच टप्प्यात पडेल. म्हणजे तुमची ती मैफल कदाचित येत्या काही वर्षांतच व्हायची आहे.

तेव्हा एक प्रयोग करून पाहा. शाळेचे स्नेहसंमेलन असो, गावच्या उत्सवातले गाणे असो की भजन, कार्यक्रम ऐकून आल्यावर त्याच रात्री लिहून काढा: काय काय झाले, कोणत्या क्रमाने, तुम्ही कुठे बसला होता, अंगावर काटा कधी आला. बरोबरच्या मित्रालाही वेगळे लिहू द्या. आपसात बोलायचे नाही. कागद पाकिटांत बंद करून शिक्षकांकडे ठेवा आणि वर्षाने पाकीट न उघडता पुन्हा लिहा. मगच दोन्ही कागद शेजारी ठेवा. आजोबांची मैफल मात्र वर्षभर थांबवू नका. ती याच सुट्टीत लिहून घ्या, त्यांच्या मित्राकडून वेगळी लिहून घ्या, आणि दोघांचे जुळले नाही तर दोन्ही जपून ठेवा.