‘हो’ म्हणण्याआधीचे दिवस, ‘हो’ म्हटल्यानंतरचं वर्ष

पिंप्राळा म्हटलं की जळगावकरांना आषाढी एकादशीचा रथ आठवतो. एकेकाळचं हे स्वतंत्र गाव आज महापालिकेच्या हद्दीत आहे. जुन्या गावठाणाभोवती कॉलन्या उठल्या आहेत आणि त्यांत नोकरीधंद्यासाठी आलेली नाना जातिधर्मांची कुटुंबं राहतात. अशा वस्तीत ख्रिस्ती घर म्हणजे गल्लीत एखादंच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, शेकडा एकाहूनही थोडे कमी, आणि त्यांतला मोठा वाटा मुंबई-वसई-ठाणे-पुणे या पट्ट्यातला. खानदेशातला समाज त्यामानाने विरळ. म्हणून इथे एखाद्या ख्रिस्ती मुलामुलीचा साखरपुडा ठरला की तो दोन घरांपुरता राहत नाही. भुसावळ, चाळीसगाव, नंदुरबारपर्यंतचे नातेवाईक, मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं आणि गल्लीतले सगळे शेजारी त्यात ओढले जातात. अंगठ्या, सोनं, कपडे, केक, जेवणावळ यांवर महिनोन्‌महिने खल होतो. ज्या दोघांना एकमेकांना शब्द द्यायचा आहे त्यांची त्या शब्दासाठी काय तयारी झाली, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझं म्हणणं असं की साखरपुड्यापासून लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतचा काळ हा एकसलग तयारीचा काळ मानला पाहिजे, आणि ही तयारी घरांनी व मंडळीने मिळून, जाणीवपूर्वक करून घेतली पाहिजे.

या म्हणण्याचा पाया ख्रिस्ती विवाहाच्या स्वरूपातच आहे. ख्रिस्ती परंपरेत लग्न लावतात ते वधूवरच. पाळक किंवा फादर त्यांचा शब्द मागतात, ऐकतात आणि मंडळीच्या वतीने स्वीकारतात. कॅथलिक चर्चचा १९८३चा धर्मकायदा स्पष्ट सांगतो की विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरं कुणीही त्यांच्या वतीने पुरवू शकत नाही. पण खाजगीत दिलेली संमती नाकारता येते, हा अनुभव युरोपने शतकानुशतकं घेतला. कोपऱ्यात वचन द्यायचं आणि पुढे कानांवर हात ठेवायचे, अशा गुप्त लग्नांत बायकांची फसवणूक होई. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोरच विवाह झाला पाहिजे असा दंडक घातला, आणि लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा करण्याची जुनी रीत पक्की केली. रविवारच्या उपासनेत ‘अमुक आणि अमुक यांचा विवाह ठरला आहे, कुणाला अडचण ठाऊक असल्यास सांगावी’ असं ऐकू येतं, त्यामागे हा इतिहास आहे. संमतीची चाचपणी करायला आणि तिच्याभोवती साक्षीदारांचं कुंपण घालायला ती सूचना असते.

भारतातला कायदाही याच वाटेने जातो. १८७२चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आजही लागू आहे. वधूवरांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल आणि लग्न ख्रिस्ती पद्धतीने लावायचं असेल, तर ते लावणारी व्यक्ती कायद्याने अधिकृत असावी लागते. परवानाधारक पाळकाकडे लग्न असेल तर आधी लेखी सूचना द्यावी लागते. तीत दोघांची नावं, व्यवसाय, पत्ता, तिथे किती काळ वास्तव्य आहे हे सगळं येतं. ती सूचना चर्चमध्ये लावली जाते. कायद्याने कोणतीही आडकाठी नाही असं दोघांपैकी एकाला जाहीरपणे लिहून द्यावं लागतं. त्यानंतर मिळालेलं प्रमाणपत्र दोन महिने चालतं, मुदत टळली तर सगळं पुन्हा. लग्नाच्या वेळी पाळकाखेरीज दोन साक्षीदार हवेत. वराला २१ आणि वधूला १८ वर्षं पूर्ण हवीत. या सगळ्यात सोन्याचा, मंगळसूत्राचा, पांढऱ्या झग्याचा किंवा जेवणावळीचा उल्लेख कुठेही नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्याला विचारायचंय ते इतकंच की ही दोन माणसं कोण आहेत, मोकळी आहेत का आणि राजीखुशीने उभी आहेत का.

संमती नसलेल्या लग्नाचं काय होतं आणि ती मागाहून कशी कमवावी लागते, याचा मराठीतला सर्वांत लखलखीत पुरावा टिळक पतिपत्नींचा आहे. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचं लग्न १८८०च्या सुमाराचं, हिंदू रिवाजाचं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, म्हणजे लग्नाच्या वेळी त्या जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या. त्यांना कुणी काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि आयुष्य उलटंपालटं करणाऱ्या या निर्णयातही पत्नीचा सहभाग नव्हता. त्यानंतर काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपले आचार सांभाळत, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा प्रवास आहे. त्या पुस्तकाच्या विनोदावर आणि सरळपणावर आपण लोभावतो, पण त्यात एका लग्नाच्या दुरुस्तीची हकीकतही आहे. ज्या स्त्रीला दोनदा विचारलं गेलं नाही, तिने तिसऱ्यांदा स्वतः ‘हो’ म्हटलं, आणि त्यानंतरचा संसार खऱ्या अर्थाने दोघांचा झाला. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण केलं तेही लक्ष्मीबाईंनीच. धरणगावात जन्मलेले आणि १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात नावारूपाला आलेले बालकवी नगरला राहिले ते याच घरात. विचारून, ऐकून, भांडून उभ्या राहिलेल्या संसारात परक्या मुलालाही जागा होती. मात्र दोघांना ही जागा गाठायला तब्बल वीस वर्षं आणि एक लांबलचक ताटातूट सोसावी लागली. आजच्या जोडप्याला ती किंमत मोजायला लावण्याचं काही कारण नाही.

मग साखरपुडा ते लग्न या दिवसांत काय व्हावं? आधी साखरपुडा म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं. तो लग्नाचा शब्द आहे, लग्न नव्हे. कॅथलिक धर्मकायद्यानुसार दिलेल्या वचनाच्या बळावर कुणालाही लग्नाला उभं राहायची सक्ती करता येत नाही. थांबण्याची मुभा या टप्प्याच्या रचनेतच आहे, म्हणून प्रश्न विचारण्याची वेळही हीच. खानदेशात पहिला प्रश्न बहुधा मंडळीचा असतो. भुसावळकडच्या अनेक मंडळ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या कामातून, तर पश्चिमेकडच्या अनेक मंडळ्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांच्या कामातून उभ्या राहिल्या. कॅथलिक मंडळी १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. समाज विरळ असल्यामुळे मुलगा एका मंडळीचा आणि मुलगी दुसरीची, हे इथे नित्याचं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा विवाह असेल तर कॅथलिक बाजूला धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि जोडीदार बाप्तिस्मा न झालेला असेल तर खास सूट घ्यावी लागते. लग्नानंतर रविवारी कुठे जायचं, मुलांचा बाप्तिस्मा कधी आणि कुणाकडे, हे हॉलची तारीख ठरवण्याआधी बोललं गेलं पाहिजे.

दुसरा प्रश्न पैशांचा. जळगाव सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेलं शहर; इथे ‘किती तोळे’ हा प्रश्न धर्म विचारून येत नाही. हुंडाबंदीचा १९६१चा कायदा ख्रिस्ती कुटुंबांनाही तसाच लागू आहे, आणि ‘आमच्यात हुंडा नसतो’ असं म्हणत फर्निचर, गाडी किंवा हॉलचा खर्च मुलीकडे सरकवणं हेही त्यातच मोडतं. दोघांची मिळकत किती, कुणावर कर्ज आहे का, आईवडिलांना दरमहा किती द्यायचे, एमआयडीसीतली नोकरी सुटली किंवा पुण्याला जावं लागलं तर काय, हे आकडे कागदावर मांडले की निम्मे गैरसमज लग्नाआधीच मिटतात. तिसरा प्रश्न आरोग्याचा आणि चौथा राहण्याचा. दोन खोल्यांच्या घरात सासूसासरे, धाकटा दीर आणि नवं जोडपं राहणार असेल, तर दार लावण्याचा हक्क कुणाचा, हे सुनेने पहिल्या महिन्यात रडून शिकण्यापेक्षा आधी ठरलेलं बरं.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: आमच्या आजीआजोबांनी कुठले वर्ग केले होते? तरी पन्नास वर्षं नांदले. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. ती लग्नं टिकली त्यामागे प्रेम आणि निष्ठा होतीच. पण बाहेर पडायला दार नव्हतं हेही खरं. २००१च्या दुरुस्तीपर्यंत १८६९च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करून सुटका मिळे, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. १९९५ साली केरळ आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाविरोधी ठरवला, आणि मग संसदेने कायदा बदलून दोघांना समान कारणं व परस्परसंमतीचा मार्ग दिला. लग्न टिकलं याचा अर्थ ते सुखाचं होतं असा निष्कर्ष, म्हणूनच, काढता येत नाही. शिवाय आजीला शिकवायला वाडा होता, काकू-मावश्या होत्या. आज फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दोघंही कामावर जाणाऱ्या जोडप्याला ते शिक्षण आपोआप मिळत नाही. जे पूर्वी घर देत होतं ते आता मंडळीने द्यावं, इतकीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: इतके प्रश्न विचारले तर साखरपुडे मोडतील आणि मुलीची बदनामी होईल. बदनामीची भीती खोटी नाही. एवढ्याशा समाजात बातमी एका रविवारात पसरते. पण मोडलेल्या साखरपुड्याची आणि मोडलेल्या लग्नाची किंमत एकच नसते. साखरपुडा मोडला तर दोन घरं काही महिने दुखावतात. लग्न मोडलं तर कोर्ट, पोटगी, मुलांचा ताबा आणि चर्चमधल्या पुनर्विवाहाचे प्रश्न वर्षानुवर्षं चालतात. बदनामी थांबवण्याचा उपाय प्रश्न दाबण्यात नाही, मंडळीच्या वागण्यात आहे. विचारपूर्वक थांबलेल्या मुलीला पाळकांनी आणि वडीलधाऱ्यांनी उघडपणे पाठिंबा दिला, तिला गायनवृंदात, संडे स्कूलमध्ये पूर्वीसारखंच ठेवलं, तर कुजबुज आपोआप ओसरते.

तयारी लग्नाच्या दिवशी संपत नाही, हा माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग. आपल्याकडे लग्नापूर्वी थोडंफार मार्गदर्शन मिळतं, पण लग्नानंतर जोडप्याकडे मंडळी पुन्हा पाहते ती बाळाच्या बाप्तिस्म्याला. व्हॅटिकनने २०२२ साली विवाहतयारीबद्दल जी दिशा दिली, तीत लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतही जोडप्याची सोबत करावी असं सांगितलं आहे, आणि ती सूचना प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही उचलावी अशी आहे. नवरा शिफ्टवर, बायको नव्या गल्लीत एकटी, माहेर नंदुरबारला. गल्लीत दुसरं ख्रिस्ती घर नाही. अशा घरी मंडळीतलं एखादं अनुभवी जोडपं महिन्याला एकदा सहज चहाला गेलं, तर भांडण चावडीवर येण्याआधी त्याला वाट मिळते.

याच वर्षात कागदपत्रांचंही काम करावं. चर्चच्या नोंदवहीतली नोंद तपासून विवाहाचा दाखला हाती घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मीयांच्या विवाहनोंदणीचा आग्रह धरला तो प्रामुख्याने बायकांच्या संरक्षणासाठी. बँक, विमा आणि भविष्यनिर्वाह निधीतली नामनिर्देशनं बदलावीत. ख्रिस्ती कुटुंबांना वारसाहक्कासाठी १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता पती गेला तर मुलं असताना पत्नीला एकतृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना समान मिळतं. लग्नापूर्वी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नव्या संसारात मरणाच्या आणि वाटणीच्या गोष्टी कशाला, असं वडीलधारे म्हणतील. त्यांची भावना समजण्यासारखी आहे. पण विवाहाच्या वेदीसमोर उच्चारलेल्या वचनातच आजारपण, गरिबी आणि मृत्यू यांची नावं असतात. जे देवासमोर उच्चारायला आपण घाबरलो नाही, ते बँकेच्या फॉर्मवर लिहायला का घाबरावं?

शेवटचा आक्षेप साधनांचा: मंडळी चाळीस-पन्नास घरांची, एकच पाळक, त्यांच्याकडे तीन गावं, हे सगळं कोण करणार? उत्तर असं की यासाठी इमारत किंवा निधी लागत नाही. जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या वेगवेगळ्या मंडळ्यांनी मिळून वर्षातून दोनदा लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी एक दिवस ठेवावा. तिथे एक डॉक्टर, एक वकील, बँकेत काम करणारं कुणीतरी आणि पंचवीस वर्षं संसार केलेलं एक जोडपं बोलेल. अशी माणसं प्रत्येक शहरात आपल्याच मंडळ्यांत आहेत. ज्या मंडळ्या नाताळात मिळून गीतं गातात, त्यांना हे एकत्र करणं अवघड नाही. पिंप्राळ्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात साखरपुड्याची तारीख ठरेल त्याच दिवशी पाळकांना फोन व्हावा, हॉलवाल्याच्या आधी. तिथून सुरू झालेली सोबत लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत चालली, तर त्या दोघांनी दिलेला शब्द पाळण्यासाठी लागणारं बळ त्यांच्या हाताशी असेल.