वाडीतली पोपटी, बेंजोची सुपारी

थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या, की पेण-रोह्याकडे पोपटीचे बेत ठरू लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मग मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-पातेऱ्याचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पूर्वी एवढ्यावर आणि गप्पांवर रात्र निघायची. आता हळद असो, बारसं असो की नुसती पोपटी, बेंजो पार्टीला किंवा डीजेला सुपारी गेल्याशिवाय बेत पुरा होत नाही. आणि सुपारी देताना काही ठाम समजुती मदतीला येतात.

त्यातली पहिली म्हणजे ‘आपलं अंगण, परवानगी कसली?’ केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. जागा स्वतःची असली तरी त्यातून सूट मिळत नाही. त्यामुळे मांडववाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी पोलीस ठाण्यात अर्ज गेलेला बरा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वर जाता कामा नये. ‘इथं कंपन्यांचा आवाज असतोच की’ हा युक्तिवादही चालत नाही. ७५ डेसिबलची मर्यादा धाटावसारख्या औद्योगिक वसाहतीसाठी आहे, शेजारच्या गावठाणासाठी नाही.

‘उघड्यावर आवाज विरून जातो’ ही समजूत सगळ्यात चिवट. विरतो, पण किती? अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर १०० डेसिबल धरले, तर १६ मीटरवर ७६ उरतात आणि ६४ मीटरवर ६४. म्हणजे दोन-तीन घरं ओलांडूनही मर्यादा मोडलेलीच! बरं, हा हिशेब १०० डेसिबलचा झाला. डीजेची भिंत त्याच्या किती तरी पुढे जाते. शिवाय बासचा घुमारा दारं-खिडक्या लावूनही घरात शिरतो. थंडीत आणखी एक भर पडते. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्या मानाने उबदार राहते. मग वर जाणारा आवाज खाली वळतो आणि एरवी ऐकू येत नाही इतक्या लांब पोचतो. कुंडलिकेच्या खोऱ्यात कापणी झालेल्या मोकळ्या शेतांवर तर त्याला अडवायलाही काही नसतं.

खोक्यावरचे ‘५००० वॅट’ही बहुतेक वेळा फसवे असतात. क्षणभराची कमाल ताकद सांगणारा पीएमपीओ आकडा जाहिरातीपुरता. विचारायचा तो आरएमएस. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबलने. पन्नास-साठ पाहुण्यांसाठी एकाच टोकाला मोठी भिंत उभी करण्यापेक्षा दोन-चार लहान स्पीकर माणसांच्या जवळ, घराकडे तोंड करून ठेवले, तर गाणं नीट ऐकू येतं आणि शेजारीही बोलायचे थांबत नाहीत.

रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण ‘स्पीकर बंद केला, आता नुसता ढोल वाजवू’ ही पळवाट २०१०च्या दुरुस्तीने बुजवली. दहा ते सहा या वेळात बंदिस्त सभागृह सोडून वाद्य वाजवायलाही मनाई आहे, आणि कापडी मांडवाला सभागृह म्हणता येत नाही. बेंजोला तसाही ध्वनिवर्धकाशिवाय जोर नाही. टाइपरायटरसारख्या कळा दाबून तारा छेडायचं हे वाद्य, म्हणजे आपलं बुलबुल तरंग, १९१२ साली जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतोचं वंशज आहे. मुळात ते घरात बसून वाजवायचं. त्याला मांडवाएवढं केलं ते ॲम्प्लिफायरने.

राहिली बारा वाजेपर्यंतची सवलत. ती वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सवांसाठी, शासनाने ठरवलेल्या दिवशीच मिळते. आपल्या मुलाचा वाढदिवस त्या यादीत नसतो. तेव्हा बेंजो सातला सुरू करावा, साडेनऊला शेवटचं गाणं घ्यावं आणि ही वेळ सुपारी देतानाच बोलून घ्यावी. पोपटीचा जाळ त्यानंतर लावला तरी चालतो, तिचा कसला आवाज!

विजेचं थोडक्यात. घरच्या मीटरवर साउंड, हॅलोजन आणि फ्रीजर एकदम टाकले की एमसीबी पडणारच. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते किंवा जनरेटर आणता येतो. मात्र जनरेटर शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकवून ठेवू नये.

शेवटी गाण्यांचा प्रश्न. हळदीत सिनेमाची गाणी वाजवली म्हणून रॉयल्टी भरावी लागते, अशी धास्ती अनेक यजमानांना असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सोहळे त्यातच धरले आहेत. केंद्राने २४ जुलै २०२३च्या सूचनेत हेच पुन्हा सांगितलं. गोवा सरकारने २०२४मध्ये त्यावर परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. कायद्यातलं कलम मात्र जागच्या जागी आहे. तिकीट लावून केलेला कार्यक्रम किंवा रिसॉर्टवरचा थर्टी-फर्स्ट या सवलतीत बसत नाही, तिथं परवाना काढावाच लागतो.