विश्लेषण : अमेरिकी नागरिकत्वाच्या अर्जात लहानशी गोष्ट लपवणेही महागात का पडते?

ग्रीन कार्डवर पाच वर्षे काढली की अमेरिकेतील अनेक भारतीय कुटुंबे नागरिकत्वाच्या अर्जाकडे वळतात. त्यात मराठी कुटुंबेही आली. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यामुळे काम तासाभराचे वाटते. मात्र आईवडिलांच्या आजारपणात भारतात काढलेले सात महिने, जुना पोलीस खटला किंवा राहून गेलेले कर विवरणपत्र आठवले, की ‘हे नाही लिहिले तर कोणाला कळणार?’ असा विचार डोकावतो. अर्ज फसण्याची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते.

अर्ज कोणाला करता येतो?

‘एन-४००’ नावाचा हा अर्ज १८ वर्षे पूर्ण झालेल्या ग्रीन कार्डधारकांसाठी असतो. सर्वसाधारण अट पाच वर्षांच्या वास्तव्याची आहे. अमेरिकी नागरिकाशी विवाह करून त्याच्यासोबत राहणाऱ्यांसाठी ती तीन वर्षे आहे. ही मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज दाखल करता येतो. पाच वर्षांपैकी किमान ३० महिने, तर तीन वर्षांच्या गटात १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असावे लागते.

परदेशवाऱ्यांचा हिशेब कसा द्यायचा?

या मुदतीत २४ तासांहून अधिक काळ देशाबाहेर घालवलेली प्रत्येक वारी नोंदवावी लागते. अमेरिकेतून निघताना सहसा पासपोर्टवर शिक्का बसत नाही. त्यामुळे भारतातील आगमन-निर्गमनाचे शिक्के, जुना पासपोर्ट आणि विमान तिकिटांचे ईमेल यांवरून आधी यादी करावी आणि मगच अर्ज उघडावा. तारीख नक्की आठवत नसेल, तर ती अंदाजे असल्याचे अतिरिक्त माहितीच्या रकान्यात लिहावे.

सहा महिन्यांहून मोठी वारी झाल्यास वास्तव्यात खंड पडला, असे गृहीत धरले जाते. मात्र अमेरिकेतील घर, नोकरी, कुटुंब आणि कर यांचे पुरावे देऊन ते खोडून काढता येते. सलग वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास मात्र, मोजके अपवाद सोडले तर, खंड पडतोच.

‘कधीही’ या शब्दाचा अर्थ काय?

अर्जातील अनेक प्रश्न केवळ पाच वर्षांपुरते नसतात. तुम्हाला कधीही अटक झाली आहे का, या प्रश्नात भारतातील अटकही येते. खटला निकाली निघाला असला किंवा न्यायालयाने नोंद पुसली असली, तरी उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. अटक न होता केवळ ५०० डॉलरपेक्षा कमी वाहतूक दंड झाला असेल आणि दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल, तर कागदपत्रे जोडण्याची गरज नसते. पण माहिती द्यावी लागते. कर थकला असल्यास विवरणपत्र भरून, हप्ते बांधून घेऊन त्याचा पुरावा जोडता येतो.

खरे सांगणेच धोक्याचे असेल तर?

असे प्रसंगही असतात. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार म्हणून नोंदणी होऊन पुढे मतदानही झाले असेल, किंवा एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर खुद्द ग्रीन कार्डच धोक्यात येऊ शकते. यावर खोटे उत्तर हा उपाय नाही. अर्ज दाखल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला सर्व कागद दाखवावेत. काहींसाठी ‘सध्या अर्ज करू नका’ हाच योग्य सल्ला ठरतो.

लपवल्यास काय होते?

मुलाखतीत अधिकारी अर्जातील प्रश्न शपथेवर पुन्हा विचारतो आणि बोटांच्या ठशांवरून केलेली तपासणी त्याच्यासमोर असते. अर्जातील चूक तेव्हा स्वतःहून सांगून दुरुस्त करता येते. पण लाभ मिळवण्यासाठी शपथेवर खोटे बोलल्याचे दिसले, तर सद्वर्तनाची अटच पूर्ण होत नाही. लपवलेली गोष्ट निरुपद्रवी असली तरी फरक पडत नाही.

नागरिकत्व मिळाल्यानंतरही प्रश्न संपत नाही. फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व रद्द करण्याच्या दिवाणी कारवाईला कालमर्यादा नाही. २०१७ मध्ये ‘मास्लेनजाक’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की खोटे बोलून नागरिकत्व मिळवल्याच्या फौजदारी खटल्यात त्या बेकायदा कृतीचा नागरिकत्व मिळण्यात वाटा होता, हे सरकारला सिद्ध करावे लागेल. हा दिलासा आहे, पण तो न्यायालयात लढल्यानंतरचा.

भारतीयांसाठी जोखीम अधिक का?

भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करावा लागतो आणि पुढे ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. उद्या अमेरिकी नागरिकत्व रद्द झाले, तर भारतीय नागरिकत्व आपोआप परत मिळत नाही. त्यामुळे अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ‘नाही’ पुन्हा एकदा वाचून पाहणे गरजेचे आहे.