पालेभाजीतील रंजकद्रव्यांचे शोषण

भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा प्रदेश होय. येथील मुख्य अन्न भात. आणि सडलेल्या तांदळात कॅरोटीन जवळजवळ नसते. त्यामुळे ज्या घरी दूध, अंडी व मासळी क्वचितच येते, तेथे अ जीवनसत्त्वाची भिस्त मुख्यतः माठ, अंबाडी, तरोटा, शेवग्याचा पाला अशा भाज्यांवर असते. परंतु रंजकद्रव्य ताटात आले म्हणजे ते रक्तात पोचलेच, असे मात्र नव्हे.

पानातील कॅरोटीन हरितलवकांत प्रथिनांशी निगडित असते; हरितद्रव्यामुळे त्याचा पिवळा रंग दिसत नाही. चिरणे, शिजविणे व चावणे यांनी पेशीभित्ती फुटून ते मोकळे होते. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. जेवणातील तेल व पित्तक्षार यांच्या योगाने लहान आतड्यात सूक्ष्म मायसेल तयार होतात, आणि त्यांतूनच कॅरोटीन आतड्याच्या पेशींपर्यंत पोचते.

पेशीत एका विकराच्या क्रियेने बीटा-कॅरोटीनच्या रेणूचे मधोमध विभाजन होऊन रेटिनाल बनते. कॅरोटीनपासून शरीरात अ जीवनसत्त्व निर्माण होते, हे टॉमस मूर यांनी १९३० च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले होते. अविभाजित राहिलेला अंश कायलोमायक्रॉनमधून लसीकामार्गे रक्तात जातो. शरीरात अ जीवनसत्त्वाचा साठा पुरेसा असल्यास हे शोषण व विभाजन मंदावते; म्हणूनच पालेभाज्यांच्या अतिसेवनाने त्याची विषबाधा होत नाही. ल्युटीन या रंजकद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. ते दृष्टिपटलाच्या पीतबिंदूत साठते.

१९६७ मध्ये जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी अन्नातील ६ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलच्या बरोबरीचे धरले होते. २००१ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने हे प्रमाण १२ ठरविले. तेलात विरघळलेल्या शुद्ध कॅरोटीनसाठी मात्र ते केवळ २ आहे. अर्थात, जुन्या कोष्टकांवरून पुरेसा वाटणारा आहार नव्या मापाने निम्माच ठरतो.

या फरकाचे मोल रातांधळेपणा जडलेल्या बालकास मोजावे लागते. भाजी तीच, पाला तेवढाच. पण तेलाविना नुसती उकडलेली भाजी व चमचाभर तेलाची फोडणी दिलेली भाजी यांचे फळ सारखे नसते. वारंवार होणारा अतिसार व आतड्यांतील कृमी यांमुळेही शोषण घटते. म्हणून आहाराचे परीक्षण करताना भाजीच्या वजनाबरोबरच तेलाचे प्रमाण, शिजविण्याची रीत आणि खाणाराच्या आतड्यांचे आरोग्य यांचीही नोंद अभ्यासकाने अवश्य घेतली पाहिजे.