नदीकांठची पडीत जमीन आणि रोख पैसा

पैनगंगा नदी आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगररांगेंत उगम पावते आणि मेहकरावरून आग्नेय दिशेस वाहत जाऊन पुढें वर्धा नदीस मिळते. तिच्या कांठीं काळ्या कसदार वावरांच्या अधूनमधून मुरमाड, बाभळींनीं भरलेले, वर्षानुवर्षें नांगर न लागलेले असे तुकडे दिसतात. पावसाळा सरतांना नदी भरून वाहत असते, कांठचें गवत हिरवें असतें, आणि तो देखावा पाहून एखाद्या शहरवासी मनुष्यास येथें आपलें एक घर असावें असें वाटलें तर त्यांत नवल नाहीं. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. तो आपल्या जिल्ह्यांत मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगांवराजा या तालुक्यांतून जातो. ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा खुला होऊन मुंबईकडील वाटही पुरी झाली. रस्ता आला कीं त्याच्या मागोमाग जमिनीचें गिऱ्हाईक येतें. “नुसती पडीत पडली आहे, देऊन टाका, पैसे रोख मोजतों,” हें बोलणें अशा वेळीं पुष्कळ घरांच्या ओसरीवर ऐकूं येतें.

जमीन विकावी कीं न विकावी हा ज्या त्या कुटुंबाचा प्रश्न आहे. त्यांत शाळेनें पडण्याचें कारण नाहीं. परंतु विकणारा नेमकें काय विकतो, तें कोणाचें असतें, विक्री केव्हां पुरी होते आणि रोख पैशाचा लाभ खरोखर कोणास होतो, हें घरांतील प्रत्येक मुलामुलीस समजलें पाहिजे. आज वडील जो कागद करतील त्याचें फळ उद्यां मुलांसच भोगावयाचें असतें. म्हणून हा विषय आम्हीं येथें घेतला आहे.

प्रथम ‘पडीत’ या शब्दाचाच विचार करूं. जमीन पडीत राहण्यास कारणें अनेक. कोठें माती उथळ असते, कोठें पुराचें पाणी दरवर्षीं पीक नेतें, कोठें भावाभावांत वांटणीचा तंटा असतो, तर कोठें घरचीं माणसें पुण्यामुंबईस गेल्यामुळें वाहणारेंच कोणी राहत नाहीं. पण नांगर लागत नाहीं एवढ्यावरून ती जमीन निरुपयोगी ठरत नाहीं. तिच्यांतील गवतावर गुरें जगतात, बाभळी सरपण व आउतांस लाकूड देतात, तिच्यांतून शेजाऱ्याची पांधण जाते, गांवचीं ढोरें तिच्यावरून पाण्यावर उतरतात. धुऱ्यावर तारेचें कुंपण पडलें म्हणजे हीं सर्व कामें एका दिवसांत थांबतात, आणि तेव्हां गांवास कळतें कीं ती जागा रिकामी नव्हती. विकणाऱ्यानें किंमत सांगण्यापूर्वीं हा हिशेब एकदां मनांत करावा.

आतां विकणाऱ्याचा हक्क कोठवर पोंचतो तें पाहूं. सातबाऱ्याचा उतारा हा या कामाचा पाया होय. त्यांत गांव नमुना सात हा हक्कांचा व गांव नमुना बारा हा पिकांचा असतो. त्यावर क्षेत्र, खातेदारांचीं नांवें, बोजा आणि ‘पोटखराब’ म्हणजे लागवडीस अयोग्य असा भाग नमूद असतो. परंतु नदीचें पात्र कोणाच्याही सातबाऱ्यांत येत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या विसाव्या कलमाप्रमाणें नद्या, नाले व त्यांचे तळ हे सरकारचे आहेत. तेव्हां “नदीसकट घ्या” असें म्हणणारा दलाल आपली नसलेली वस्तु विकत असतो. नदीकांठास पाटबंधारे खात्याच्या पूररेषांचाही विचार करावा लागतो. २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई असते. जी जागा डोळ्यांस सर्वांत सुंदर दिसते तीच बहुधा या रेषेच्या आंत असते. हें विकणाऱ्यानें आधींच सांगावें. लपवून विकलेली जागा पुढें कज्जा होऊन परत येते.

याशिवाय कांहीं बंधनें कायद्यानें घातलेलीं आहेत. ज्या जमिनीच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग दोन’ असें लिहिलेलें असतें, ती सरकारच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. ज्यास आपल्याकडे ‘ई-क्लास’ म्हणतात ती सरकारी जमीन तर कोणा एकाची नव्हेच. तिजवर कितीही वर्षें वहिवाट असली तरी केवळ वहिवाटीवरून ती विकण्याचा हक्क येत नाहीं. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं आदिवासी बांधवांचीं गांवें आहेत. त्यांची जमीन बिगरआदिवासी मनुष्यानें परवानगीशिवाय घेऊं नये असा निर्बंध १९७४ पासून कडक केलेला आहे. १९५८ च्या विदर्भाच्या कूळवहिवाट कायद्यानें, कांहीं अपवाद सोडल्यास, शेतकरी नसलेल्या मनुष्यास शेतजमीन विकण्यावर बंधन आहे. आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळें ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा पाडून विकतां येत नाहीं. हे नियम वेळोवेळीं बदलतात, म्हणून इसार घेण्याच्या आधींच तहसील कचेरींत चौकशी करणें हाच शहाणपणाचा मार्ग होय.

तिसरा प्रश्न, जमीन कोणाची? उताऱ्यावर एकट्या वडिलांचें नांव असलें म्हणजे ती एकट्या वडिलांची, असा समज सर्वत्र आहे. तो पुष्कळदां चुकीचा ठरतो. हिंदु वारसा कायद्यांत, जो बौद्ध, जैन व शीख यांसही लागू आहे, २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्याप्रमाणें विधवेस एकतृतीयांश आणि उरलेलें दोनतृतीयांश मुलगा व मुलगी असा भेद न करतां सर्व मुलांस सारखें मिळतें. म्हणून सासरीं गेलेल्या बहिणीस न विचारतां केलेला सौदा हा अन्याय तर आहेच, शिवाय तो कच्चाही आहे. दहा वर्षांनीं ती न्यायालयांत गेली म्हणजे विकणारा व घेणारा दोघेही अडचणींत येतात. जमिनीची गोष्ट निघाली असतां घरांतील आईस व बहिणीस बैठकींत बसवावें, आणि त्यांची सही मागण्यापूर्वीं त्यांचें मत मागावें.

विक्री पुरी केव्हां होते? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीची स्थावर मिळकत केवळ नोंदलेल्या खरेदीखतानेंच विकतां येते. इसारपावती किंवा सौदाचिठ्ठी हें पुढें विकण्याचें वचन आहे. तिनें मालकी जात नाहीं. कुलमुखत्यारपत्रानेंही जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. खरेदीखतावर सह्या झाल्यावर तें चार महिन्यांच्या आंत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदणीसाठीं हजर करावें लागतें. तेथून खबर गेली म्हणजे गांवच्या दप्तरांत फेरफाराची नोंद धरली जाते आणि ज्यांचा हितसंबंध असेल त्यांस नोटीस दिली जाते. हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात व सातबाऱ्यावर नवें नांव चढतें. हा क्रम लांबलचक वाटतो. पण त्याची प्रत्येक पायरी कोणा तरी दुर्बळाच्या रक्षणासाठीं घातलेली आहे.

आतां रोख पैशाकडे वळूं. दलाल म्हणतो, रोखीनें कर वांचतो. कोणाचा वांचतो? गांवाकडची, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्यानें ठरविलेल्या अंतराबाहेरची जी खरी शेतजमीन, ती आयकराच्या दृष्टीनें भांडवली मालमत्ताच धरली जात नाहीं. तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाहीं. तेव्हां अशी जमीन विकणाऱ्या कास्तकारास लपविण्यासारखें कांहीं नसतें. लपविण्याची गरज असते ती घेणाऱ्यास. कागदावर किंमत कमी दाखविली तर त्याचें मुद्रांकशुल्क कमी होण्याचा संभव असतो आणि त्याच्याजवळचा बेहिशेबी पैसा जमिनींत पुरला जातो. धोका मात्र विकणाऱ्याचा. १ जून २०१५ पासून आयकराच्या कायद्यांत असा नियम आहे कीं स्थावराच्या व्यवहारापोटीं वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीनें स्वीकारूं नये. स्वीकारल्यास तेवढाच दंड घेणाऱ्या हातावर, म्हणजे जमीन विकणाऱ्यावर, बसूं शकतो. देणारा व घेणारा या दोघांचेंही उत्पन्न शेतीचेंच असून कोणासही आयकर लागत नसेल तर तेथें सूट आहे. पण शहरांतून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाबतींत ती सूट बहुधा लागू पडत नाहीं.

समजा, सौदा दहा लाखांचा ठरला आणि खरेदीखतांत चार लाख लिहिले. उरलेले सहा लाख ‘उद्यां देतों’ म्हणून राहिले, तर ते मागण्यास विकणाऱ्याजवळ पुरावा कोणता? आणि याहूनही मोठी हानि गांवाची होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें सरकार धरण वा रस्ता यांसाठीं जमीन घेतें तेव्हां बाजारभाव ठरवितांना आसपासच्या नोंदलेल्या खरेदीखतांतील किंमती पाहिल्या जातात. एकानें आपल्या कागदांत खोटी कमी किंमत लिहिली कीं उद्यां शेजाऱ्याच्या मोबदल्याच्या हिशेबांत तीच खोटी किंमत येऊन बसते. रोखीचा दुसराही धोका ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं सर्वांनीं पाहिला. पांचशें व हजाराच्या नोटा त्या मध्यरात्रीं चलनांतून गेल्या आणि जमिनीचे पैसे पेटींत ठेवणाऱ्यांस त्यांचा हिशेब देत रांगेंत उभें राहावें लागलें. बँकेच्या खात्यांत आलेल्या पैशास तें भय नव्हतें.

पवित्र शास्त्रांत जमिनीच्या खरेदीचे दोन प्रसंग आहेत, ते येथें ध्यानांत घेण्यासारखे आहेत. अब्राहामानें मकपेलाचें शेत घेतलें तेव्हां चारशें शेकेल रुपें वेशींत बसलेल्या लोकांच्या देखत तोलून दिलें, आणि शेत, गुहा व चतुःसीमेंतील झाडें हीं सर्व त्यांच्यासमोर त्याच्या नांवें झालीं. यिर्मया संदेष्ट्यानें अनाथोथचें शेत सतरा शेकेलांस घेतलें. त्यानें साक्षीदार बोलावले, एक मोहरबंद व एक उघडें अशीं दोन खरेदीखतें केलीं आणि तीं पुष्कळ दिवस टिकावीं म्हणून मातीच्या पात्रांत ठेवविलीं. दोघांचाही व्यवहार रोखीचाच होता. पण तो दिवसाढवळ्या, साक्षीदारांपुढें व खऱ्या किंमतीचा होता. रोख पैसा स्वतः पाप नव्हे. अंधारांत मोजलेला पैसा मात्र भांडणाचें बीं होय. आणि नाबोथाची गोष्ट आम्हांस हेंही सांगते कीं वाडवडिलांचें वतन विकावयाचें नाहीं असें म्हणण्याचा हक्क राजापुढेंही गरिबास आहे.

शेवटीं, आलेल्या पैशाचें काय होतें? अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचा भाव चढला आणि आमच्या वऱ्हाडांत एकाएकीं पैसा आला. युद्ध संपलें, भाव उतरला, आणि वाढलेला खर्च मात्र मागें राहिला. जमिनीच्या पैशाचीही गति अशीच होऊं शकते. पीक दरवर्षीं येतें, किंमत एकदांच येते. म्हणून विकणें भाग असेल तर त्या पैशाचें रूप आधींच ठरवावें. राहिलेल्या वावरांत विहीर, दुसरीकडे ओलिताचा तुकडा, मुलांमुलींचें शिक्षण, आईच्या नांवें ठेव, यांपैकीं जें ठरेल तें सौद्याच्या आधीं ठरावें. लग्नाचा मांडव व मोटारगाडी यांस सौद्यानंतर कारण शोधावें लागत नाहीं. गरज तात्पुरती असेल तर मक्त्यानें देण्याचाही विचार करावा. मात्र एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवूनच करावा.

विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत घरचा सातबारा काढून एकदां वाचा. गट नंबर, क्षेत्र, पोटखराब, भोगवटादाराचा वर्ग आणि उताऱ्यावरील सर्व नांवें वहींत उतरून घ्या. आजोबांचें नांव अजून चालत असेल तर वारसांची नोंद कां झाली नाहीं तें वडिलांस नम्रपणें विचारा. ज्या घरीं आजी अंगठा उठवीत असेल त्या घरीं कागद तिला मोठ्यानें वाचून दाखविणें हें तुमचें काम आहे. शाळेनें तुम्हांस वाचावयास शिकविलें, त्याचा घरास पहिला उपयोग येथेंच होऊं द्या.